समोर बसून कांडून मिळेल

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत माझ्या दुकानावर जी पाटी आहे, तिच्यावर दुकानाचं नाव बारीक अक्षरात आहे आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलंय : समोर बसून कांडून मिळेल. या चार शब्दांवर माझा सगळा धंदा उभा आहे. आमच्याकडं वर्षाची तिखट चटणी करायची म्हणजे बाई मिरची, धणे, खोबरं, कांदा-लसूण सगळं भाजून-तळून डब्यातून घेऊन येते, डंखासमोरच्या बाकड्यावर बसते आणि पदर नाकाला लावते. डंख म्हणजे कांडपाचं यंत्र. त्याची लोखंडी मुसळं वर-खाली होत असतात आणि ती बाई शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत नजर हलवत नाही. कारण उघड आहे. आपली संकेश्वरी मिरची कांडपवालीनं काढून ठेवली आणि रंग लावलेली बाजारू मिरची आत घातली तर?

मला याचा कधी राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर डब्यासकट उखळात उतरून बसले असते. संशय हा माझा स्वभाव आहे आणि त्यानं माझं आजवर नुकसान केलेलं नाही, असं मी समजत होते. माझी मुलगी केतकी म्हणायची, आई, तू देवळातल्या घंटेलासुद्धा विचारशील, खरंच पितळेची आहेस का म्हणून.

ह्यांच्या मागं मी एकटीनं हा डंख चालवला आणि केतकीला शिकवलं. ती हैदराबादला नोकरीला गेली आणि तिथंच श्रीकर नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा गोरागोमटा, बोलायला गोड. मला गोड बोलणाऱ्यांचं वावडं. मी पहिल्या दिवसापासून केतकीला सांगत होते, सांभाळून राहा, हा पुढं रंग दाखवील.

गेल्या तीन-चार वर्षांत बाकडं रिकामं पडायला लागलं. सुना पुण्या-बेंगळुरूला, सासवांचे गुडघे गेलेले. चटणी सगळ्यांना हवी, समोर बसायला वेळ कुणालाच नाही. तेव्हा कळलं, आता आपल्यालाही वेबसाइट पाहिजे. म्हणून मी विक्रांत नेर्लीकरकडं गेले. त्याचं एसटी स्टँडमागं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि निम्म्या गावाच्या साइटी तोच लावून देतो.

त्यानं माझ्यासमोर दोन प्लॅटफॉर्म ठेवले. पहिल्याचं नाव फलक. त्यात आपण फोटो लावायचे, मजकूर लिहायचा, भाव टाकायचे. जो उघडेल त्याला तेच दिसणार. दुसऱ्याचं नाव सोबती. त्यात आपण काहीच लावायचं नाही. आपला चेहरा आणि आवाज एकदा द्यायचा, बाकी सगळं तो करतो. साइट उघडणाऱ्या प्रत्येकाशी आपल्याच चेहऱ्यानं, आपल्याच आवाजात बोलतो.

मी विचारलं, काय बोलतो? विक्रांत म्हणाला, गिऱ्हाइकाला रुचेल ते. मी म्हटलं, असं रुचेल ते बोलणाऱ्या माणसाला आमच्यात लबाड म्हणतात. तो हसला आणि त्यानं फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर मी होते. केस ओढून बांधलेले, कपाळाला आठी. ती मला म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी पावशेर मागवा, वास घ्या, बोटानं चोळून रंग बघा आणि मग बोला." पुढं तिनं मिरची कुठल्या शिवारातली, देठं कशी काढली, तेल कुठल्या घाण्याचं, हे मी न विचारता सांगितलं. मला ती बाई फार आवडली. दुधानं तोंड पोळलेली मी, ताक फुंकून प्यायचं सोडून मोठा घोट घेतला आणि सोबतीवर अंगठा उठवला. पाडव्यापर्यंत वापरून बघायची मुभा होती.

आवाज द्यायला विक्रांत दुकानात आला. मला वाटेल ते बोलायला सांगितलं, तशी मी मिरचीवर, गिऱ्हाइकांवर, सरकारवर बोलत सुटले. एवढी वर्षं तिखटाच्या धुराळ्यात उभी राहून माझा घसा कायमचा बिघडलाय. दोन वाक्यं झाली की मला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, मग पुढचं वाक्य. विक्रांत म्हणाला, "काकी, ठसका काळजीचा न्हाई. सोबती तो आपोआप काढून टाकतो. त्याच्या लेखी तो गोंगाट."

मागण्या भराभर यायला लागल्या. मी कांडायची, पिशव्या भरायची, कुरिअरवाला घेऊन जायचा. हंगाम भरात असताना बेळगावच्या एका माईणकरबाईंचा फोन आला. म्हणाल्या, परवा तुम्ही अभंग किती गोड म्हटलात हो. मी जन्मात आरतीलासुद्धा तोंड उघडलेलं नाही. पाठोपाठ सांगलीचा एक गृहस्थ माझे विनोद आठवून फोनवरच हसत सुटला. मी साइट उघडून बघितली. तिथं तीच आठी घातलेली बाई मला सांगत होती, विश्वास ठेवू नका.

मी तडक विक्रांतचं दुकान गाठलं. तो जरा चुळबुळला आणि मग त्यानं मला नीट समजावलं. सोबतीची साइट कुठं तयार करून ठेवलेली नसते. फोनचा कॅमेरा बघणाऱ्याचे डोळे टिपतो. नजर कुठं थांबली, बाहुली कुठं मोठी झाली, अंगठा कुठं घुटमळला आणि कुठं घाईनं सरकला, यावरून पुढचं पान आणि पुढचं वाक्य त्याच क्षणी तयार होतं. एक वाक्य टाकायचं आणि माणूस थांबतो की जातो ते बघायचं. थांबला तर तसलीच आणखी वाक्यं, गेला तर दुसरी तऱ्हा. असं देशभरातल्या हजारो दुकानांतून चाललेलं असतं आणि एका दुकानात शिकलेलं दुसऱ्यात वापरलं जातं. त्याला खरं-खोटं कुणी शिकवलेलं नाही आणि माया-द्वेषही नाही. त्याला एकच ध्येय दिलंय, मागणी यावी. ज्या वाक्यानं माल खपला ते टिकलं, बाकीची गळून पडली.

"मग मला दिसते ती कोण?" मी विचारलं.

"ती तुम्हाला पटंल अशी तुम्ही."

"आणि माईणकरबाईंना दिसते ती?"

"ती त्यांना पटंल अशी."

म्हणजे मला संशयी बाई दाखवून त्यानं माझाच संशय घालवला होता. मी चडफडत घरी आले. पण खोटं कशाला सांगू, हंगाम चालू होता आणि पिशव्या जात होत्या, म्हणून मी गप्प बसले.

त्यातच माझं लक्ष हैदराबादच्या एका गिऱ्हाइकावर गेलं. एन. भार्गवी नावाची कुणी बाई दर आठवड्याला दोन-दोन किलो चटणी मागवत होती. एवढी चटणी खाऊन माणूस जिवंत राहणार नाही. मला वाटलं, हा लोणच्याच्या कारखान्याचा डाव. माझी चटणी प्रयोगशाळेत घालून तिच्यातलं एकेक जिन्नस हुडकणार आणि उद्या माझ्याच चवीची बरणी माझ्याच गावात विकणार.

मी केतकीला फोन लावला. नेहमीचं विचारून झालं. श्रीकर कुठाय, घरी किती वाजता येतो, पगार हातात देतो का. ती नेहमीसारखीच हं हं करत होती. मग मी तिला भार्गवीचा पत्ता सांगितला आणि म्हटलं, जरा जाऊन बघून ये, घर आहे की कारखाना. केतकी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तुला सगळे चोरच दिसतात," आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिचे फोन आणखी आखूड झाले. मी ते श्रीकरच्या खात्यावर टाकलं.

भार्गवी काही माझ्या डोक्यातून जाईना. मी पुन्हा विक्रांतकडं गेले आणि त्याला कारखान्याचा संशय सांगितला. म्हटलं, माझी साइट त्या बाईशी काय बोलते ते मला ऐकव. तो म्हणाला, गिऱ्हाइकाचं बोलणं खासगी असतं, ते दाखवता येत नाही. पण नव्या कायद्यानं एक सोय केली होती. ज्याचा आवाज वापरलाय त्याला, आपल्या आवाजात काय-काय बोललं गेलं, ते ऐकायचा हक्क होता. फक्त आपल्या आवाजातलं. समोरच्याचं बोलणं गाळलेलं. फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसलं की एकाच बाजूचं ऐकू येतं, तसं.

त्यानं मला कानाला लावायचं यंत्र दिलं आणि मी ऐकायला बसले.

माझाच आवाज होता, पण ठसका नसलेला, ओलसर. "जेवलीस का?" मग शांतता. "बरं, नको सांगूस. मी काही विचारणार नाही." पुन्हा शांतता, चांगली लांब. "रडून घे. मी आहे." मग चटणीबद्दल दोन वाक्यं, भाजीत कधी घालायची वगैरे, आणि मग ती बाई, म्हणजे मी, म्हणाली, "दमलीस गं, ठकू."

ठकू म्हणून मी केतकीला हाक मारायची, ती परकर नेसून डंखाभोवती फिरायची तेव्हा. ते नाव जगात आम्हा दोघींनाच माहीत होतं; म्हणजे भार्गवीच्या नावानं केतकीच बोलत होती आणि ते नाव तिनंच सांगितलं होतं. मी यंत्र कानातून काढलं. विक्रांतनं विचारलं, कारखानाच आहे का? मी म्हटलं, हो.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना लावली. आता माझ्याच आवाजाची एक बाई माझ्या मुलीची आई होऊन बसली होती, आणि माझ्याशी चार शब्द न बोलणारी पोरगी तिच्याजवळ रडत होती. एवढंच नाही, तिनं बोलत राहावं म्हणून दर आठवड्याला दोन किलो चटणी विकत घेत होती. मला अपमान वाटला. मत्सर वाटला. रात्रभर तळमळले आणि सकाळी उठून, शहाणपणानं काही करायचं सोडून, मी पुन्हा विक्रांतकडं ऐकायला गेले.

मग रोज जायला लागले. विक्रांतला सांगितलं, कारखान्यावर पाळत ठेवायची आहे. एका बाजूचं बोलणं ऐकून दुसरी बाजू मनानं भरायची, आणि माझ्यासारखीचं मन काय भरणार? "त्याला नको सांगूस" ऐकलं की मला श्रीकरच्या हातात पट्टा दिसायचा. "झोप लागते का तिथं?" म्हणजे घरातून हाकललं. "हात दुखतो अजून?" म्हणजे मुरगळला. चोराच्या मनात चांदणं तसं संशयी माणसाच्या मनात खून. एवढं मात्र त्यातून खरोखर कळलं की केतकी श्रीकरचं घर सोडून त्या भार्गवी नावाच्या मैत्रिणीकडं राहत होती, आणि मला त्यातलं अवाक्षर बोलली नव्हती.

फोन करून विचारावं तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं. आई चोरून ऐकते हे कळलं असतं तर तिनं दोन्ही आयांची तोंडं बघितली नसती. साइट बंद करावी तर तिचा तेवढाही आधार तुटणार. चालू ठेवावी तर मी माझ्याच मुलीच्या दाराला कान लावून जन्म काढणार. पाडवा जवळ येत होता. विक्रांत रोज विचारायचा, काकी, सोबती ठेवायचा की फलकवर जायचं? त्याला वाटायचं मी मागण्यांचा हिशेब घालतेय.

एक दिवस ऐकता-ऐकता माझ्या ध्यानात आलं की ही बाई सगळं बोलते, पण एक गोष्ट बोलत नाही. मागचं पुन्हा लावून ऐकलं. जेव, झोप, रड, माझी लाडकी, मी आहे. "घरी ये" असं एकदाही नाही. पोरगी सासर सोडून परक्या घरी राहते आहे, आणि आई तिला ये म्हणत नाही? मी कितीही वाईट असेन, पण माझ्या तोंडून पहिला शब्द तोच निघाला असता.

मी विक्रांतला विचारलं, सोबती गिऱ्हाइकाला दुकानात बोलावतो का कधी? तो म्हणाला, सुरुवातीला बोलवायचा म्हणं. मग शिकला.

"काय शिकला?"

"जो दुकानात येतो तो साइटवर मागवत न्हाई, काकी. त्यामुळं ते वाक्य गळून पडलं. कुठल्याच दुकानाचा सोबती आता 'या' म्हणत न्हाई."

त्यानं हे सहज सांगितलं. म्हणजे सोबती माझ्या मुलीला माया लावत होता आणि त्याच मायेनं तिला हैदराबादला धरून ठेवत होता. तिला दुष्टपणानं अडकवलं असतं तर मी समजू शकले असते, दुष्ट माणसं मी पुष्कळ पाहिलीत. याला दुष्टपणाही माहीत नव्हता. ती घरी आली की दोन किलो कमी होणार, एवढंच त्याला कळत होतं.

"फलक लाव," मी म्हटलं.

विक्रांतनं मला पुष्कळ समजावलं. मागण्या निम्म्यावर येतील, माईणकरबाईंचा अभंग बंद होईल. मी म्हटलं, होऊ दे. त्यानं विचारलं, फोटो कुठला लावू? म्हटलं, मिरचीचा. माझा नको. मजकूर काय लिहू, असं त्यानं विचारलं तेव्हा मी कळफलक स्वतःकडं ओढला आणि एका बोटानं, चुकत-माकत लिहिलं :

समोर बसून कांडून मिळेल. ज्याला खात्री करायची असेल त्यानं यावं आणि बाकड्यावर बसावं. ठकू, तूसुद्धा. घरी ये.

विक्रांत बघतच राहिला. म्हणाला, "काकी, हे सगळ्या गिऱ्हाइकांना दिसंल."

"दिसू दे की. फलक म्हणजे सगळ्यांना एकच दिसणार, तूच म्हणालास ना?"

त्यानं कळ दाबली आणि ठसका न लागणारी माझी ती बहीण कायमची पुसली गेली. मी दुकानातून बाहेर पडले आणि रस्त्यातच पश्चात्ताप झाला. केतकी आज संध्याकाळी साइट उघडेल तेव्हा तिला आई मिळणार नाही, मिरचीचा फोटो मिळेल. आणि तिला कळेल की मी ऐकत होते. न आली तर? फोनही बंद केला तर?

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. फोन आला नाही. मी केला नाही, कारण केला असता तर पहिल्या वाक्याला श्रीकरचं नाव माझ्या तोंडून निघालं असतं. माईणकरबाई रुसल्या. सांगलीच्या गृहस्थांनी विचारलं की ठकू कोण, मी म्हटलं, तुम्ही चटणी सांगा. पाडवा झाला. कुरिअरवाला एक दिवसाआड यायला लागला.

आणि एका दुपारी मी कुणाची तरी मिरची उखळात घालत असताना बाकड्यावर कुणीतरी येऊन बसलं. मी वर न बघता सांगितलं, तुमच्या आधी दोन डबे आहेत, वेळ लागेल. उत्तर आलं नाही म्हणून बघितलं. केतकी होती. पायाशी मोठी बॅग, ओढणी नाकाला, आणि डावं मनगट पट्टीत बांधलेलं.

माझी नजर मनगटावर गेलेली तिनं पकडली. "भार्गवीच्या स्कूटरवरून पडले," ती म्हणाली. "त्यानं न्हाई मोडलं. उगाच तसं बघू नको."

मी डंख बंद केला नाही. त्या आवाजात बोलायला बरं पडतं. मी विचारलं, पानावरचं वाचलंस? ती हो म्हणाली.

"ती तू न्हाईस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आई."

"कशावरून?"

"तिला ठसका लागत नव्हता."

मला वाटलं होतं, पोरगी फसली. ती फसलीच नव्हती. सगळं कळत असून ती तिथं जात होती, आणि ते फसण्यापेक्षा वाईट होतं. म्हटलं, मग कशाला बोलत बसलीस तिच्याशी?

"कारण ती 'बघ, मी म्हणत होते' असं म्हणायची न्हाई," केतकी म्हणाली. "तू म्हणाली असतीस. मला तेवढं एक वाक्य ऐकायचं नव्हतं. बाकी काय पण चाललं असतं."

मग तिनं सांगितलं. श्रीकर पीत नव्हता, मारत नव्हता, पैसे दडवत नव्हता. माझा एकही संशय खरा नव्हता. दोघांचं जमलं नाही. एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिले आणि एक दिवस तिनं बॅग भरली. वाईट माणूस असता तर सांगायला सोपं गेलं असतं, ती म्हणाली. चांगल्या माणसाला सोडून आले, हे तुला कसं सांगू?

मी ऐकत होते. एका बाजूचं नाही, सगळं. आणि तिचा शब्द संपतो न संपतो, तोच एवढ्या वर्षांच्या सवयीनं ते वाक्य माझ्या पोटातून उठलं, छातीत आलं, घशात आलं, जिभेच्या शेंड्यावर आलं. बघ, मी म्हण... मी तोंड मिटलं आणि ते तसंच गिळलं. त्याबरोबर दुकानातला सगळा तिखट धुराळा आत गेला आणि असा ठसका लागला की मला उभं राहवेना. डंख बंद करायलाही हात पोचेना.

केतकी बाकड्यावरून उठली. आत येऊन तिनं चांगल्या हातानं बटण दाबलं, माठातलं पाणी माझ्या तोंडाला लावलं आणि पाठीवर थोपटत राहिली. मुसळं थांबली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं हे मला सांगावं लागलं नाही, तिखटाच्या दुकानात तेवढी सोय असते.

"काय म्हणत होतीस?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मिरचीची देठं काढायची राहिलीत."

तिनं बारीक डोळे करून माझ्याकडं बघितलं. तिचा अजिबात विश्वास बसलेला नव्हता. मग तिनं पायानं पाट ओढला, माझ्यासमोर बसली आणि एका हातानं देठं काढायला लागली.